दिव्याखालची मिरची: उष्णता आणि उंची आवरायची कशी

घरात ऊन येत नाही म्हणून दिव्याखाली मिरची लावणारे नवे लोक भेटले की बहुतेकांची तक्रार दोनपैकी एक असते. एक तर झाड वाढत वाढत दिव्याला टेकलेलं असतं, नाहीतर कळ्या येतात आणि उमलायच्या आधीच गळून पडतात. तक्रारी दोन असल्या तरी मूळ एकच आहे. ऊब वाढली की खोड लांबतं, लांबलेलं खोड दिव्याच्या जवळ जातं, तिथे आणखी गरम असतं, आणि सगळ्यात वरच्या, म्हणजे नेमक्या कळ्या लागणाऱ्या फांद्या भाजत राहतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की बी भिजत घालण्याआधी झाडाची शेवटची उंची ठरवा. दिवा, पंखा, कुंडी, खुडणी या सगळ्याचा निर्णय त्या एका आकड्यावरून होतो.

मी इथे मिरची धरून लिहितो आहे, कारण घरात वर्षानुवर्षं मी तीच वाढवत आलो आहे. टोमॅटो, वांगं यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पायरी १: टेप घ्या आणि उंचीचा हिशोब करा

समजा तुमच्याकडे ६० बाय ६० सेंटिमीटर तळाचा आणि १६० सेंटिमीटर उंचीचा, घरात दिव्याखाली झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू आहे. वर पंखा, दोऱ्या आणि दिव्याची जाडी यांत २५ सेंटिमीटर जातात. दिवा आणि शेंडा यांच्यात ३५ सेंटिमीटर मोकळे हवेत. कुंडी आणि खालची ताटली मिळून आणखी २५. उरले ७५ सेंटिमीटर. त्यातही वाढीला थोडी जागा राखायची, म्हणजे झाड मातीपासून ६० ते ६५ सेंटिमीटरवर थांबवायचं. १६० सेंटिमीटरच्या तंबूत झाडाला मिळते ती एवढीच उंची. हा हिशोब कागदावर मांडला नाही, तर माणूस तंबूची उंची म्हणजेच झाडाची उंची असं धरून चालतो.

एवढ्या तळात दोनच झाडं लावा. चार लावायचा मोह होतो, कारण रोपं लहान असताना तंबू ओकाबोका दिसतो. पण पानांना पान लागलं की उंचीची स्पर्धा सुरू होते. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूरलाल प्रकाश पुढे सोडून देतं. शेजारच्या झाडाला हा बदललेला प्रकाश कळतो, सावलीत सापडल्याचा अर्थ ते त्यातून काढतं आणि खोड लांबवायला लागतं. पानं प्रत्यक्षात एकमेकांवर येण्याआधीच हे सुरू होतं.

वाण निवडतानाही उंची बघा. बुटके, झुडपासारखे वाढणारे वाण ३० ते ४० सेंटिमीटरमध्ये आटोपतात. टोमॅटो लावायचा असेल तर मायक्रो टॉमसारखा वाण आहे. फ्लोरिडात तयार झालेला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वाण जेमतेम वीतभर वाढतो. उंच वाण बुटका करता येतो, पण त्यासाठी दर आठवड्याला त्याच्यामागे लागावं लागतं.

पायरी २: वॅटचा हिशोब

‘एलईडी गरम होत नाही’ हे वाक्य मनातून काढून टाका. दिव्यात गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. काही भाग दिव्याच्या पाठीत तापतो, काही प्रकाश होऊन पानांवर, भिंतींवर पडतो आणि तिथे तापतो. पानं त्यातला अगदी थोडा हिस्सा साखरेत बांधून ठेवतात. १०० वॅटचा एलईडी आणि १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब बंद खोलीला जवळपास सारखंच तापवतात. एलईडीचा फायदा असा, की तेवढाच प्रकाश तो कमी वॅटमध्ये देतो आणि त्याची बरीचशी उष्णता पाठीमागून वर निघून जाते, थेट पानांवर ओतली जात नाही.

आता ही उष्णता बाहेर काढायला किती हवा लागेल? हिशोब तोंडी करता येतो. दिव्याचे वॅट गुणिले ३, भागिले तंबू खोलीपेक्षा जितके अंश गरम चालेल तो आकडा. उत्तर येतं ताशी घनमीटरमध्ये. १०० वॅटचा दिवा असेल आणि ३ अंशांचा फरक चालणार असेल, तर ताशी १०० घनमीटर. २०० वॅटला २००. पंख्यावर छापलेला आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं, जाळी लागली की तो घसरतो, म्हणून निदान दीडपट क्षमतेचा पंखा घ्या आणि संथ चालवा. आवाजही कमी होतो.

पानांतून उडणारं पाणी उष्णता उचलतं, हीसुद्धा जमेची बाजू आहे. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. तंबूतून ती वाफ बाहेर काढली तरच हा फायदा पदरात पडतो. आत अडकली तर दमटपणा वाढतो आणि पानांचं पाणी उडणंच मंदावतं.

गरम हवा वर चढते, म्हणून बाहेर ओढणारा पंखा वरच्या कोपऱ्यात आणि हवा आत यायची वाट समोरच्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेपेक्षा मोठी हवी. पंखा सुरू केल्यावर तंबूचं कापड किंचित आत ओढलं गेलं की समजा, हवेची वाट बरोबर बसली. कापड फारच पोटात गेलं असेल तर खालची वाट अपुरी आहे.

पायरी ३: काढलेली उष्णता जाते कुठे, ते बघा

पहिल्या वर्षी मी इथेच फसलो. पंखा चांगला होता, पाइप नीट होता, पण पाइपाचं तोंड त्याच खोलीत उघडत होतं आणि खोलीचं दार बंद. तंबूतली गरम हवा खोलीत, खोलीतली परत तंबूत. दुपारी तीनच्या सुमाराला आतला आकडा ३६ वर असायचा. कळ्यांचा देठ जिथे फांदीला जुळतो तिथे आधी एक बारीक पिवळं कडं दिसायचं, दुसऱ्या दिवशी बोटाचा हलका स्पर्श झाला तरी कळी गळून मातीवर. एका सकाळी कुंडीतून १९ कळ्या वेचल्या. हिरव्याच होत्या, एकही उमललेली नव्हती.

उपाय साधा निघाला. पाइपाचं तोंड खिडकीबाहेर काढलं. ते जमत नसेल तर निदान खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे उष्णता घरभर पसरेल. आणि दिव्याचा ‘दिवस’ रात्री ठेवा. फुलण्याच्या बाबतीत मिरची दिवसाच्या लांबीवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे तुमच्या रात्री तिचा दिवस केलात तरी चालतं. संध्याकाळी सातला दिवा लागला आणि सकाळी नऊ-दहाला मालवला, की बाहेरची सगळ्यात तापलेली वेळ झाडाच्या अंधारात जाते. बऱ्याच घरांत एवढ्यानंच काम भागतं. फक्त चोवीस तास दिवा ठेवू नका. टोमॅटोची पानं अखंड प्रकाशात पिवळी पडतात, मिरचीची वेडीवाकडी होतात. रोज निदान सहा ते आठ तास अंधार हवा.

दिव्याला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, सुटा करता येत असेल तर तंबूबाहेर टांगा. एकूण उष्णतेतला लहानसा हिस्सा तेवढ्यानं बाहेर जातो.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवायचा सल्ला नेहमी दिला जातो. त्याचाही हिशोब करून बघा. एक लीटर बर्फ वितळून त्याचं पाणी २५ अंशांवर येईपर्यंत साधारण १२० वॅटच्या दिव्याची एका तासाची उष्णता शोषतो. चौदा तासांसाठी चौदा बाटल्या लागतील, आणि त्या गोठवताना फ्रीज त्याहून जास्त उष्णता घरातच सोडेल. एखाद्या वाईट दुपारी वेळ मारून न्यायला बाटली ठीक आहे, रोजचा उपाय म्हणून तिच्या मागे लागू नका.

पायरी ४: थर्मामीटर शेंड्याजवळ, सावलीत

भिंतीला टांगलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो. तुम्हाला हवं आहे ते शेंड्याचं. सुतळीला बांधून तो झाडाच्या वरच्या पानांच्या पातळीवर सोडा, आणि त्यावर जाड पुठ्ठ्याची छोटी टोपी करा, नाहीतर दिव्याचा प्रकाश थेट पडून तो स्वतःच तापेल आणि खोटा आकडा दाखवेल. टोपीच्या बाजू उघड्या ठेवा. झाड वाढेल तसा तो वर सरकवा. दिवसातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा थर्मामीटर घेतलात तर फार सोय होते. तुम्ही झोपेत असताना काय झालं ते सकाळी कळतं.

दिवा चालू असताना २४ ते २८ अंश आणि अंधारात १८ ते २१ अंश, या पट्ट्यात मिरची खुशीत असते. शेंड्याजवळ ३२ च्या वर दिवसामागून दिवस गेले की पराग निकामी व्हायला लागतो आणि फूलगळ सुरू होते. झाडाची रात्र २४ च्या वर राहिली तरी फळधारणेवर परिणाम होतो. उलट टोकाला, १५ च्या खाली फळं नीट धरत नाहीत.

दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक खोडाच्या लांबीवर थेट परिणाम करतो. १९८०च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लिलीच्या रोपांवर हे पद्धतशीर दाखवलं. दिवस रात्रीपेक्षा जितका जास्त गरम, तितकं दोन पेरांमधलं कांडं लांब. फरक कमी केला की कांडी आखूड. मिरचीला फुलांसाठी रात्र जरा गार हवी, म्हणून फरक पुसून टाकू नका, ४ ते ६ अंशांवर ठेवा. सगळ्यात जास्त लांबी वाढते ती ‘पहाटे’, म्हणजे दिवा लागताना. त्या वेळी दोन तास तंबू गार राहिला तर उंचीला चांगला लगाम बसतो. मी पंख्याचा वेग दिवा लागायच्या अर्धा तास आधी वाढवतो आणि नंतर दोन तास तसाच ठेवतो. त्याला वेगळा खर्च नाही.

दिवा मालवल्यावर मात्र पंखा पूर्ण बंद करू नका. हवा गार झाली की पानांतून उडालेली वाफ दमटपणा म्हणून वर येते आणि दाट पानांत बुरशी धरते.

पायरी ५: दिवा वर घेण्याआधी मंद करा

आत गरम झालं की नवा माणूस दिवा वर ओढतो. त्यानं पानांवरचा प्रकाश कमी होतो, पण वॅट तेवढेच राहतात. तंबूतली एकूण उष्णता तसूभरही घटत नाही, आणि वरची जागा मात्र संपते. दिवा मंद करता येत असेल तर आधी मंद करा. रोपं लहान असताना तर दिवा खाली आणि मंद ठेवणं सगळ्यात फायद्याचं. लहान जागेवर पुरेसा प्रकाश पडतो, वॅट कमी, उष्णता कमी.

रोपांना १५० ते २०० मायक्रोमोल प्रकाश १६ तास पुरतो. (मायक्रोमोल म्हणजे झाडाला वापरता येणारा प्रकाश मोजायचं एकक, दर चौरस मीटरला दर सेकंदाला.) मोठ्या झाडाला ३०० ते ५०० द्या, १४ ते १६ तास. मीटर नसेल तर फोनवरचं लक्स, म्हणजे डोळ्यांना जाणवणारा उजेड, मोजणारं अ‍ॅप चालेल. पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७० लक्स म्हणजे १ मायक्रोमोल, म्हणजे ३०० मायक्रोमोलला २१,००० लक्सच्या आसपास. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण कालच्याशी आज ताडून बघायला उपयोगी पडतो. प्रकाश कमी पडला तरी रोप लांबतं, ऊब जास्त झाली तरी लांबतं. म्हणून लांबोडकं रोप दिसलं की आधी थर्मामीटर बघा, मग लक्स. दिव्यात दूरलाल रंगाचे वेगळे बल्ब आणि त्यांचं वेगळं बटण असेल तर रोपावस्थेत ते बंदच ठेवा.

पायरी ६: वारा

एक छोटा पंखा आत हवाच. त्याचा झोत थेट झाडावर धरू नका, भिंतीवर मारा, म्हणजे पानं नुसती थरथरतील. हलणाऱ्या झाडाचं खोड आखूड आणि जाड होतं. मार्क जाफे या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये या परिणामाला शास्त्रीय नाव दिलं. पंखा नसेल तर रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून एकदा तळहात हलकेच पंधरा-वीस वेळा फिरवा. दोन आठवड्यांत फरक दिसतो. पंख्याचा दुसरा फायदा असा, की पानाला चिकटून राहिलेली गरम, दमट हवा हलते आणि पान स्वतःला गार ठेवू शकतं. फुलं आल्यावर हाच वारा पराग हलवायचंही काम करतो.

पायरी ७: खुडणी आणि वाकवणं

मिरचीच्या रोपाला आठ-दहा पानं आली की ते स्वतःच दोन फांद्यांत फुटतं, आणि त्या बेचक्यात पहिली कळी येते. त्याआधी ते सरळसोट वाढतं. उंची कमी हवी असेल तर रोप १२ ते १५ सेंटिमीटरचं असताना चौथ्या किंवा पाचव्या पानाच्या वर शेंडा खुडा. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, झाड रुंदीला भरतं. फळं दोन-तीन आठवडे उशिरा येतात, हे आधीच मान्य करून टाका. बुटक्या वाणाला खुडणीची गरज नाही.

खुडणीआधी हात साबणानं धुवा, कात्री पुसा. घरात कुणी तंबाखू वापरत असेल तर हे जास्तच पाळा, कारण टोबॅको मोझॅक विषाणू हातावरून मिरची-टोमॅटोला लागतो. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानं काढू नका, आणि तापलेल्या दिवसांत तर कात्री हातात घेऊच नका. उरलेल्या पानांवर अचानक जास्त प्रकाश आणि ऊब येते, ती त्यांना झेपत नाही.

झाड मोठं झाल्यावर मला खुडणीपेक्षा वाकवणं आवडतं, कारण त्यात पानं जात नाहीत. मात्र मिरचीची फांदी लवकर लाकडासारखी होते आणि बेचक्यात चटकन चिरते. म्हणून पाणी द्यायच्या थोडं आधी, झाड किंचित मऊ पडलेलं असताना वाकवा. डाव्या हाताची दोन बोटं बेचक्याच्या अगदी खाली आधाराला धरा. उजव्या हातानं फांदी मधोमध धरून हळूहळू बाहेर आणि खाली न्या. बोटांना ताण जाणवला की थांबा, मऊ सुती दोरीचा सैल फास फांदीत घाला आणि दुसरं टोक कुंडीच्या कडेला बांधा. आज दोन बोटं, तीन दिवसांनी आणखी दोन बोटं. घाई केली की ‘कट्’ असा आवाज येतो. तो आलाच तर फांदी लगेच परत जागेवर आणा, चिरलेल्या जागी पट्टी गुंडाळा. बहुतेक वेळा सांधा धरतो. उंच फांद्या खाली आल्या की सगळे शेंडे एका पातळीवर येतात आणि दिवा सगळ्यांपासून सारख्या अंतरावर राहतो.

उंची रोखणारी रसायनं शोभेच्या झाडांसाठी वापरली जातात. खायच्या झाडावर ती घालू नका.

पायरी ८: कुंडी, मुळं आणि पाणी

लहान कुंडीत झाड लहान राहतं, पण गरम तंबूत लहान कुंडी दिवसातून दोनदा वाळते. ६० सेंटिमीटरच्या झाडाला ७ ते १० लीटरची कुंडी योग्य. तिथवर एक लीटर, मग तीन लीटर अशा टप्प्यांनी जा. नत्राचा मारा करू नका. ऊब आणि भरपूर नत्र एकत्र आले की पानंच पानं आणि लांब, मऊ खोड.

मुळांच्या तापमानाकडे कुणी बघत नाही. २० अंशांच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.५ च. त्यामुळे गरम, ओल्या मातीत मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. दुपारी झाड मलूल दिसलं की आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. माती ओली असेल तर पाणी देऊ नका. तंबू गार करा, झाड आपोआप उभं राहतं. मलूल झाड दिसताच पाण्याचा मग उचलणं, यानं माझी झाडं जितकी गेली तितकी किडीनं गेली नाहीत.

हाताबाहेर गेलंच तर

पानांच्या कडा द्रोणासारख्या वर वळल्या असतील तर बहुधा ऊब जास्त आहे. फक्त दिव्याजवळची पानं फिकट, पांढुरकी पडली असतील तर प्रकाश जास्त आहे. झाड दिव्याला टेकलं असेल तर क्रम असा ठेवा: त्याच दिवशी दिवा मंद करा, पुढच्या तीन-चार दिवसांत उंच फांद्या वाकवा, आणि तरीही जागा नसेल तर कापा. कापणी दोन हप्त्यांत, मधे पाच दिवस सोडून.

पंखा बंद पडला तर बंद तंबू थोड्याच वेळात भट्टीसारखा तापतो. म्हणून शेंड्याजवळ ३५ अंश झाले की दिव्याची वीज तोडणारा थर्मोस्टॅट लावा. विजेचा बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीला वर अडकवा, आणि प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, सॉकेटपर्यंत जात नाही.

मिरची बहुवर्षायू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. फळं संपल्यावर झाड उपटू नका. मुख्य बेचक्याच्या वर दोन-दोन डोळे ठेवून सगळं छाटा, पाणी निम्म्यावर आणा, दिवा मंद करा. दोन-तीन आठवड्यांत जुन्या लाकडावर हिरवे ठिपके दिसायला लागतात. त्यातले आत वळणारे खुडून टाका आणि बाहेर तोंड केलेले ठेवा.